शिमग्यातला मूळपुरुष

आमच्या घराण्याचा मूळपुरुष घोड्यावर बसून आला, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. कुठून आला, तर जावळीच्या डोंगरातून, मेढ्याकडून. कशाला आला, तर लढाईला. कुठल्या लढाईला असं विचारलं की थोरले आबा मिशीवरून हात फिरवायचे आणि ‘लय लढाया व्हत्या तवा’ म्हणून विषय मिटवायचे. थोरले आबा म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. सांगलीपासून एसटीने पाऊण तासावर, कृष्णेच्या काठी आमचं गाव. ऊस, हळद आणि आबांचा आवाज ही तिथली तीन मुख्य पिकं. पहिल्या दोन्हींना पाणी लागायचं, तिसरं कोरडवाहूही जोमात यायचं.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोनेक वर्षं झाली होती. मी सांगलीला कॉलेजात जात होते. त्या दिवसांत आबा कोरेगावला एका लग्नाला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. जेवणाबद्दल एक शब्द नाही, नवरीबद्दल नाही, मानपानात काय चुकलं याबद्दलसुद्धा नाही.

‘त्यांच्या सोप्यात वंशावळ हाय,’ ते म्हणाले. ‘काचंत बसवल्याली. वर हार. आन आपल्या सोप्यात काय हाय? खताच्या कंपनीचं क्यालेंडर.’

घरात अक्षर बरं असलेली मी एकटीच. त्यामुळे ड्रॉइंगचा मोठा कागद आणण्यापासून सगळं माझ्या गळ्यात पडलं. आंब्याचं झाड काढायचं, बुंध्यात मूळपुरुषाचं नाव, फांद्या म्हणजे पिढ्या आणि एकेक पान म्हणजे एकेक माणूस. आबा समोर बसून नावं सांगायचे, मी पानं काढायचे. चारपाच पानं झाल्यावर मी विचारलं, ‘आबा, बायका कुटं लिवायच्या?’

आबा गोंधळले. हा प्रश्न त्यांना कुणी घातला नव्हता. झाडाकडे बघून ते म्हणाले, ‘बायका म्हंजी पाणी. झाडात पाणी दिसतंय व्हय कवा?’

मला संताप आला. सगळ्यात जास्त कशाचा, तर उत्तर चांगलं होतं याचा.

आता त्या झाडावर माझे वडील, म्हणजे दादा, एक पान होते आणि त्या पानापुढे काही नव्हतं. दादा फौजेत होते. सबंध तरणेपण त्यांनी कुठल्या कुठल्या बर्फात काढलं आणि पेन्शन घेऊन घरी आले. त्यांना मी एकटी. म्हणजे आबांच्या हिशेबी कुणीच नाही. आबांचा बेत असा होता की दादांनी आबांचा धाकटा मुलगा दत्तक घ्यावा, म्हणजे त्या पानाला फांदी फुटेल, आमच्या वाट्याची जमीन आणि घर ‘घरातच’ राहील आणि मला चांगलं स्थळ बघून उजवता येईल. हा चुलतभाऊ माझ्याहून वर्षाने मोठा. तालमीत घुमायचा. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘एक आई रोज दूध पी, दूध पी म्हणून मागं लागती. दोन झाल्या तर पोट फुटंल माझं.’

पण आबांचा एक सिद्धांत होता आणि तो ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. ‘मुळात झालं तीच रीत. मुळापासनं आपली जमीन लेकाकडनं लेकाकडं आलीया. लेकीकडं गेली न्हाई, जावयाकडं तर न्हाईच न्हाई.’

दादा काही बोलायचे नाहीत. थोरल्या भावापुढे ते कधी बसलेसुद्धा नव्हते, बोलणार कुठून? शत्रूसमोर छाती काढून उभं राहिलेला माणूस आबांपुढे खांब धरून उभा राहायचा. आई बोलायची, पण भांड्यांशी. राख लावून पातेलं घासताना ती त्या पातेल्याला म्हणायची, ‘मला लेक हाय. आनखी काय करायचं?’ पातेलं लखलखीत निघायचं, पण बेत जागचा हलत नव्हता. उद्या दादांचं काही बरंवाईट झालं तर पुतण्याच्या तोंडाकडे बघून जगावं लागणार, हे आईला दिसत होतं. मलाही दिसत होतं. मी मात्र बसले होते पानं काढत.

पहिला धक्का मूळपुरुषाला आमच्याच शेतात बसला. आमच्या बांधावर एक उभा दगड होता. शेंदराने माखलेला, दसऱ्याला त्याला नारळ. तो मूळपुरुष, आणि खाली जे दिसतं तो त्याचा घोडा. त्या वर्षी शेंदराचं जाड पुट सुटून खाली आलं. आबांना वाटलं, शुभशकुन. मला वाटलं, आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना दाखवावं. सर नवे होते, तरुण होते आणि जुन्या दगडांसाठी कुठेही यायला तयार असायचे. स्कूटरवरून आले, गुडघे टेकून दगडापाशी बसले आणि हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

‘हा घोडा नाही,’ ते म्हणाले. ‘हे गाढव आहे.’

आबा म्हणाले, ‘काय तरी बोलू नका.’

‘आणि खाली... एक स्त्री आहे. हा शापाचा दगड असतो. पूर्वी राजे लोक जमीन दान देत. ती पुढं कुणी बळकावली, तर त्या माणसाच्या... मातोश्रींना... म्हणजे गाढव...’ सरांनी माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

आई चहा घेऊन आली होती. तिने दगडाकडे नीट बघितलं. ‘म्हंजी गाढवानं आईची अब्रू घेतली, असंच ना?’ ती म्हणाली. ‘त्यात लाजायचं काय? हितं पाण्याच्या पाळीवरनं भांडणं झाली की रोज म्हन्त्यात. चा घ्या.’ सरांनी तो चहा उकळता असतानाच पिऊन टाकला. मग आईने पदर नीट करत पुन्हा विचारलं, ‘दुसऱ्याची जमीन घेतल्याव व्हय, सर?’ आणि ती आबांच्या घराच्या दिशेला बघत राहिली.

सर म्हणाले, हा दगड तुमच्या घराण्याच्या कितीतरी आधीचा आहे, सातआठशे वर्षांचा तरी असेल. आबांनी ते ऐकलंच नाही. ‘घोडाच हाय त्यो,’ ते म्हणाले. ‘लांबनं आलाय. दमलाय. कान पडल्यात.’ दुसऱ्याच दिवशी त्यांनी दगडाला असा शेंदूर फासला की गाढव, घोडा आणि मातोश्री सगळं एक झालं.

पण मनातून ते हलले होते. दिवाळी झाली तसं त्यांनी जाहीर केलं की आपण मूळ गावी जायचं आणि खरं काय ते लिहून आणायचं. लिहायला मी. आम्ही सांगलीहून साताऱ्याला गेलो, साताऱ्यात आबांनी कंदी पेढे घेतले, मग मेढ्याची गाडी, आणि मेढ्यापासून पुढे चालत. आबांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. सरदाराच्या वंशजाने सरदाराच्या गावात बोडक्याने कसं जायचं? वाट डोंगराच्या कडेकडेने वर चढत होती आणि इतकी अरुंद होती की आबांच्या मागे मला पाय जपून टाकावा लागत होता. या वाटेने घोडा कसा उतरला असेल, असं माझ्या मनात आलं. आबांच्याही आलं असावं, कारण ते दर वळणावर थांबून खाली बघत होते.

गाव लहान होतं. भाताची कापणी झालेली, खळ्यावर पेंढा. देवळापुढे एक म्हातारा विडी ओढत बसला होता. आबांनी पेढे पुढे केले, आपलं आडनाव सांगितलं. तेच आडनाव म्हाताऱ्याचं निघालं. आबा फुलले. म्हणाले, ‘आमचा मूळपुरुष हितनंच खाली गेला. घोड्यावरनं.’

‘घोड्यावरनं?’ म्हातारा वाटेकडे बघत म्हणाला. ‘कुटल्या गावाला?’

‘सांगलीकडं. कृष्णाकाठाला.’ आणि आबांनी मूळपुरुषाचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्याच्या हातातली विडी खाली पडली. तो उठला, आबांभोवती एक चक्कर मारली, आणि मग घरांकडे तोंड करून असा ओरडला की खळ्यावरची पाखरं उडाली. ‘आरं भायेर या रं समदी! शिमग्याचा मानूस घावला!’

बघता बघता सगळा गाव गोळा झाला. बायका, पोरं, कडेवरची पोरं. सगळे आबांकडे बघून हसत होते आणि ते हसणं कौतुकाचं होतं, यात शंका नव्हती. आबांनाही ते कौतुकच वाटलं. त्यांनी मान ताठ केली. मग हळूहळू उलगडा झाला. त्या गावात शिमग्याला होळी पेटली की पहिली बोंब मारायची ती एका ठरावीक माणसाच्या नावाने. बाकी कुणाच्या नावाने काय ओरडायचं ते मागाहून. हा माणूस किती पिढ्यांपूर्वी होऊन गेला हे कुणाला सांगता येत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की एका सालाला तो खाली उसाच्या मुलखात गुऱ्हाळावर गेला. तिथे मोठ्या कढईखालचं चुलवाण पेटतं ठेवायला माणसं लागायची. हंगाम संपला, बरोबरचे परत आले, हा आला नाही. गुऱ्हाळाच्या मालकाला एकुलती लेक होती. मालकाने याला घरजावई करून ठेवून घेतलं.

‘घरजावई,’ आबा म्हणाले. नुसता तेवढा एक शब्द, आणि तोही विचारल्यासारखा.

‘तर वो! आमाला वाटायचं, त्यो नुसता बोंबंपुरता हाय. खरंच असंल असं वाटलंच नव्हतं. आन तुमी तर फेटा बांधून आलाय!’

आम्हाला त्यांनी जाऊ दिलं नाही. कोंबडी कापली, नवा तांदूळ शिजवला, चार घरांतून चार कालवणं आली. अशी माया मी पुढे फार कमी ठिकाणी बघितली. जेवणं झाली आणि म्हातारा हात चोळत आबांपुढे बसला. ‘पावनं, एक मागणं हाय. न्हाई म्हनू नका.’

‘बोला की.’

‘बाप-आज्यापास्नं मोकळ्या हवंत बोंबलतोय आमी. तुमी समोर घावलाय, तर येकदा तुमच्या तोंडावर ठोकू द्या. शिमगा न्हाई, पर पुना कवा येशीला तुमी?’

पाहुणा नको कसं म्हणणार? आबांना देवळाच्या पायरीवर मधोमध बसवलं. समोर सगळा गाव उभा राहिला. म्हाताऱ्याने हात वर केला आणि शंभरेक माणसांनी उलटा हात तोंडावर ठेवून आरोळी ठोकली:

‘गेला रं गेला, कुटं रं गेला?
बायकोच्या पदराला बांधून न्हेला!’

आणि मग ती बोंब. दरीच्या पलीकडून ती परत आली. आमच्या गावात आबांपुढे कुणी मोठ्याने खोकत नव्हतं, आणि इथे ते दोन्ही हातांनी फेटा धरून बसले होते. मला हसू आवरेना. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. अगदी शेवटी आबासुद्धा ओशाळं हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

निघताना म्हातारा आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आला. तिथे एक सपाट धोंडा होता, त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, ‘ही बोंब त्याच्या आईनं सुरू केली, असं आमची म्हातारी सांगायची. सनासुदीचं तरी येईल म्हनून शिमग्याच्या दिशी ती हितं हुबी ऱ्हायची आन खाली तोंड करून त्याच्या नावानं हाका मारायची. लोकं बी तिच्यासंगं हाका माराय लागली. मग ती मेली. हाका चालू ऱ्हायल्या. पुढं हाकंची बोंब कवा झाली, कुनाला म्हाईत!’

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. 

एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले होते. साताऱ्याच्या पुढे आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, ‘आबा, लेक सासऱ्याकडं ऱ्हायला तर गावानं इतक्या पिढ्या बोंब मारली. इतक्या लेकी जात्यात, त्यांच्या नावानं कोन वराडत न्हाई.’

‘गप बस,’ आबा म्हणाले. ‘बशीत लोकं हायती.’

मग ते माझ्या कानाशी वाकले. ‘ह्यातलं एक अक्षार लिवायचं न्हाई. कुनाला सांगायचं न्हाई. माझी शप्पत हाय तुला.’

‘मग बुंध्यापाशी काय काढू?’

‘घोडा काढ.’

मी घोडा काढला. चित्रकला बेताची असल्यामुळे त्याचेही कान जरा लांब झाले. शपथ मी पाळली. एक तर ती मोडली तर आबा खरंच मरतील अशी मला भीती होती. कॉलेजात जात असले म्हणून काय झालं! आणि दुसरं, त्या पायरीवर फेटा सांभाळत बसलेले आबा बघितल्यापासून माझ्या रागाची धार थोडी गेली होती. पण रोज आईला पातेल्याशी बोलताना ऐकायचे आणि जीभ चावून गप्प बसायचे. दत्तकाचा दिवस ठरला होता. गुरुजींना सांगून झालं होतं. त्याच सकाळी आधी वंशावळ सोप्यात लावायची, हेळव्याकडून घराण्याचं कूळ वाचून घ्यायचं आणि मग दत्तक, असा आबांनी आधीच गावभर डांगोरा पिटला होता.

हेळवी म्हणजे आमच्या भागातला कूळ सांगणारा. कर्नाटकाकडून येतो, बैलावर बसून. त्याची घरं ठरलेली असतात आणि त्या घरांच्या पिढ्या त्याला बापाकडून तोंडपाठ मिळतात. पाचसात वर्षांतून एकदा दारात येऊन तो त्या खड्या आवाजात म्हणून दाखवतो, धान्य-कापड घेतो आणि पुढच्या घरी जातो. कूळ सांगताना तो बैलावरून खाली उतरत नाही, आणि सांगणं मध्ये तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मागच्या खेपेचा हेळवी म्हातारा झाला होता, त्याचा आवाज दारातल्या दारात राहायचा, त्यात निम्मं कानडी; काय म्हणाला ते कुणालाच कळलं नव्हतं. मेढ्याहून आल्यावर हेळव्याला नको म्हणून सांगावं, असं आबांच्या मनात नक्की आलं असणार. पण दारावरून हेळवी परत धाडला तर वंश खुंटतो म्हणतात. वंशासाठी तर सगळा खटाटोप चाललेला.

या खेपेला मुलगा आला. धिप्पाड, भरदार मिशांचा, बैलाच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घागरमाळ. अंगणात गाव मावत नव्हता. आबा लगबगीने पुढे झाले आणि त्याच्या कानाशी लागायला गेले. पण तो बैलावर, आणि आबा जमिनीवर. टाचा उंचावून ते काहीतरी पुटपुटले.

‘काय म्हनतोस गौडा?’ आबांना कानडीत पाटील म्हणत हेळवी वरून गरजला. ‘पहिल्या दोन पिढ्या सोडू? का म्हनून?’

गावाने कान टवकारले. आबा मागे सरले.

हेळव्याने घंटा वाजवली, देवाचं नाव घेतलं, नदीचं घेतलं, गावाचं घेतलं आणि सुरू केलं. ‘कृष्णाबाईच्या काठाला, उसाच्या मळ्यात, मळ्याच्या धन्याला लेक एकुलती एक...’

‘आरं, घोड्याचं सांग की!’ आबा म्हणाले.

हेळवी थांबला. घंटा वाजवली. देवाचं नाव घेतलं, नदीचं घेतलं, गावाचं घेतलं. ‘कृष्णाबाईच्या काठाला, उसाच्या मळ्यात, मळ्याच्या धन्याला लेक एकुलती एक. तिच्या गुऱ्हाळावर जावळीचा पोरगा आला चुलवाण घालाय...’

‘लढाईला आल्ता त्यो!’

घंटा. देव. नदी. गाव. या खेपेला आवाज आणखी चढला. मागच्या लोकांनी पुढच्यांना विचारायला सुरुवात केली, पुढचे मागे सांगू लागले. आबांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा माझ्या चुलतभावाने, म्हणजे ज्याला दत्तक द्यायचं त्यानेच, त्यांचा हात धरून खाली बसवलं. ‘आबा, बसा. न्हाईतर सांजपतोर पहिलीच पिढी चाललीया.’

मग हेळव्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. जावळीचा पोरगा घोड्यावरून नाही, बैलांच्या मागे चालत आला. धन्याने त्याला लेक दिली आणि जमीन मात्र लेकीच्याच नावाने ठेवली. आमचं सगळं शिवार त्या बाईचं. तिचं नाव त्याने घेतलं. एवढी वर्षं त्या जमिनीवर आम्ही जेवत होतो आणि तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग तिचे मुलगे, त्यांचे मुलगे, फांद्यामागून फांद्या. आबांचं नाव आलं, आबांच्या मुलांची आली. शेवटी दादांचं नाव आलं आणि हेळव्याने घंटा खाली ठेवली.

मग मागून कुणीतरी खुसकन हसलं. ‘मुळातच घरजावई की रं!’ आबा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं होतं, या क्षणी मला आनंद होईल. झाला नाही. त्यांना या अंगणातून कुणीतरी उठवून आत न्यावं, एवढंच वाटलं.

तेवढ्यात दादा खांब सोडून पुढे आले.

‘पुढं म्हन,’ ते हेळव्याला म्हणाले.

‘पुढं काय, सुबेदार? तुझ्यावर थांबतंय.’

‘थांबत न्हाई. लेक हाय मला.’

हेळवी मिशी कुरवाळू लागला. ‘लेक दुसऱ्याच्या कुळात जाती. जमीन जिच्या नावानं ऱ्हाती, तिचीच ओळ म्हनतो आमी.’

‘तिच्याच नावानं ऱ्हानार हाय. दत्तक न्हाई घेनार मी.’ थोरल्या भावाला दादांनी दिलेला हा माझ्या माहितीतला पहिला नकार. ते आबांकडे न बघता, ताठ उभे राहून बोलले. 

हेळव्याने आबांकडे पाहिलं. घरातल्या थोरल्याने होय म्हटल्याशिवाय कुळात ओळ वाढवता येत नाही. सगळं गाव आबांकडे बघत होतं. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

आबांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला. ‘मुळात झालं तीच रीत,’ ते म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, जणू हे त्यांनीच ठरवलं होतं अशा थाटात, ‘आमच्या घराण्यात पयल्यापास्नं हाय हे! म्हन तू. आन मोठ्यानं म्हन, वेशीपतोर ऐकू गेलं पायजे!’

हेळव्याने माझं नाव विचारलं. दादा मला ‘पोरी’ म्हणायचे, ‘अगं’ म्हणायचे. माझं पाळण्यातलं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते परेडवर हुकूम द्यावा तसं सांगितलं. आणि हेळव्याने घंटा उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मध्ये तुटलं होतं ना! त्या कृष्णाकाठच्या एकुलत्या लेकीपासून तो एकेक पिढी उतरत खाली येत होता. कुणी हसत नव्हतं. दादांचं नाव आलं. मग माझं आलं, त्या खणखणीत आवाजात, भर अंगणात, आणि मी हुंदके देऊन रडायला लागले.

आईने मला कोपराने ढोसलं. ‘गप गं येडे,’ ती म्हणाली, ‘ऐकू येईना मला.’